सनदेचा कागद

समुद्रावर लूट करणाऱ्याला चाचा म्हणतात. सापडला तर तो फासावर जातो. पण हीच लूट राजाच्या शिक्क्याचा कागद जवळ ठेवून केली तर? युरोपात काही शतकं तो राजमान्य धंदा होता. युद्ध सुरू झालं की राजांना जहाजं कमी पडत. मग खासगी जहाजमालकांना सनद मिळे, तिला ‘लेटर ऑफ मार्क’ म्हणत. शत्रूचं व्यापारी जहाज धरायचं, बंदरात आणायचं, ते शत्रूचंच आहे असा निवाडा नाविक न्यायालयाकडून घ्यायचा आणि मग माल विकून वाटण्या करायच्या. खलाशांना बहुधा पगार नसे. शिकार मिळाली तर पैसा, नाहीतर हात हलवत परत. इंग्रजीत यांना ‘प्रायव्हेटियर’ म्हणतात. मी आपला सनदी चाचे म्हणतो.

यांतला कॅप्टन विल्यम किड मला फार दिवस खुणावतो, कारण त्याची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर बिघडली. किड मूळचा स्कॉटलंडचा, न्यूयॉर्कमध्ये घरसंसार असलेला. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू असताना, 1695 साली, त्याला फ्रेंच जहाजं धरण्याची सनद मिळाली. चाचे पकडण्याचा हुकूम पाठोपाठ आला. भांडवल घालणाऱ्यांत इंग्लंडचे बडे सरदार आणि मंत्री होते, पण त्यांची नावं पडद्याआड. ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ हे त्याचं 34 तोफांचं जहाज.

शिकार काही मिळेना. खलाशी कुरकुरू लागले. 1697 मध्ये तो लाकूड-पाण्यासाठी कारवारला येऊन गेला. त्याआधी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मोख्याहून परतणाऱ्या जहाजांवर त्यानं डोळा ठेवला होता. कंपनीच्या जहाजानं त्याला हुसकावलं. तेव्हा हा माणूस अगदीच धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच वर्षी भांडणात त्यानं आपल्याच एका गोलंदाजाच्या डोक्यात बादली घातली आणि तो मेला.

जानेवारी 1698 मध्ये मलबार किनाऱ्याजवळ त्याला ‘क्वेदा मर्चंट’ दिसलं. बंगालचं रेशीम, मलमल, साखर घेऊन ते सुरतेकडे निघालं होतं. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, थोडा मोगल दरबारातल्या एका अमिराचाही. कप्तान मात्र इंग्रज. किडनं फ्रेंच निशाण चढवलं. समोरच्यांनी आपल्याकडचा फ्रेंच परवाना दाखवला आणि तिथेच फसले. फ्रेंच परवाना म्हणजे शत्रूचं जहाज! रक्षणासाठी घेतलेल्या कागदानंच जहाज गेलं. तिकडे युरोपात तहावर सह्या होऊन चार महिने झाले होते, पण तेव्हा बातमी जहाजाच्याच वेगानं येई.

आमच्या शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. दफ्तरात तोच शब्द परवानगीचा कागद होतो. किडच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडले, असं मला नेहमी वाटतं.

कारण वेळ वाईट होती. 1695 मध्येच हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं होतं. त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते. त्या पापापायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले. आता पुन्हा सुरतेचं जहाज लुटलं गेलं, तेव्हा दरबाराची समजूत काढायला कंपनीला कुणीतरी बळी हवाच होता. किड चाचा ठरला. 1699 मध्ये बॉस्टनला त्याला अटक झाली. त्यानं लुटलेल्या जहाजांचे फ्रेंच परवाने आपल्या भागीदार लॉर्डच्या हवाली केले होते, त्या लॉर्डनं ते लंडनला धाडलेही होते. मे 1701 मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा मात्र ते कुणाला सापडेनात. पडद्यामागच्या बड्या भागीदारांना किडशी नातं सांगणं परवडणारं नव्हतं. खून आणि चाचेगिरी, दोन्ही आरोप शाबीत झाले. 23 मे रोजी टेम्सकाठी त्याला फाशी दिलं. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवलं. प्रेत नदीकाठी लोखंडी सापळ्यात टांगून ठेवलं.

ते परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात मिळाले. कागद होते, सरकारपाशीच होते.

आपल्या किनाऱ्यालाही हे परवाने नवे नव्हते. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून आपला ‘कार्ताझ’ घ्यायला लावत. न घेणाऱ्याचं जहाज जप्त. तेच कान्होजी आंग्र्यांनी ‘दस्तक’ मागून केलं, तर इंग्रजांच्या लेखी ते चाचे! ते तर छत्रपतींच्या आरमाराचे सरखेल होते, सनदी चाचेसुद्धा नव्हेत.

1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यानं युरोपीय राष्ट्रांनी हा धंदा बंद केला. अमेरिकेनं सही केली नाही. आरमार लहान, मग खासगी जहाजांचं हत्यार का टाकायचं? तिच्या राज्यघटनेत अशी सनद देण्याचा काँग्रेसचा अधिकार आजही आहे.

‘क्वेदा मर्चंट’चे अवशेष 2007 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात सापडले: तोफा आणि नांगर. रेशीम, साखर यांतलं बरंचसं किडनं आधी मलबार किनाऱ्यावरच विकून टाकलं होतं.