बाग पाहायची नजर

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. त्या गर्दीत आम्हीही असतो. लांब टेबलांवर एकेक गुलाब उभा, पुढे नावाची चिठ्ठी, एखाद्यापुढे पहिल्या क्रमांकाची. आकार, रंग, पाकळ्यांची ठेवण पाहून गुण द्यायची ही रीत इंग्रजांच्या उद्यानसंस्थांबरोबर आपल्याकडे आली आणि रुजली. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र फुलाला गुण देता येतात तसे बागेला देता येत नाहीत. बाग चांगली की वाईट हे सांगणारा माणूस पुष्कळदा स्वतःविषयीच अधिक सांगून जातो. मोगल बागांवर गेल्या पाचशे वर्षांत जी मते दिली गेली ती वाचताना आम्हाला हे वारंवार जाणवले.

पहिला टीकाकार खुद्द बाबर. एप्रिल १५२६ मध्ये पानिपत जिंकून तो आग्र्याला आला, आणि पुढे आपल्या आठवणींत त्याने हिंदुस्थानच्या उणिवांची यादीच दिली. चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, हमाम नाहीत. बागांत आणि वाड्यांत वाहते पाणी नाही. हा उतारा बाबर किती परका होता हे दाखवायला नेहमी पुढे केला जातो. मग आपल्यातले काहीजण तो उतारा झाकूनच ठेवतात. आजूबाजूची पाने मात्र दोन्ही बाजूंचे लोक उलटत नाहीत. त्या पानांवर आंब्याचे वर्णन आहे, जास्वंद, कण्हेर, केवडा यांचे आहे, आणि ते डोळे उघडे ठेवून, आवडीने केलेले आहे. शिवाय बाबर नुसता कुरकुरत बसला नाही. यमुनेपलीकडच्या उजाड काठावर त्याने विहीर खोदली, हमाम बांधला, हौद केला, वाफ्यांत गुलाब आणि नर्गिस लावले. लोक त्या काठाला 'काबूल' म्हणू लागले, हे त्यानेच नोंदवले आहे. लोकांनी ते कौतुकाने म्हटले की टोमणा म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे.

वाहत्या पाण्याचा हा हट्ट कशासाठी? कुरआनातील जन्नतच्या वर्णनात बाग आणि वाहते पाणी एकत्रच येतात, हे आपण सगळे जाणतो, आणि चारबागेविषयी बोलताना तेवढेच सांगून थांबतो. पण बाबराची तक्रार उन्हाने आणि धुळीने हैराण झालेल्या, फरगाना-काबूलच्या माणसाची तक्रार होती. चारबाग ही आधी शेतीची युक्ती आहे. एकमेकींना छेदणाऱ्या नहरा, त्यांनी पाडलेले चार भाग, रस्ते उंच आणि वाफे खोल. उतारामुळे नहरेचे पाणी आपोआप वाफ्यांत उतरावे, झाडांच्या मुळांशी जावे. उंच रस्त्यावरून चालणाऱ्याला खालची फुले गालिच्यासारखी दिसतात, हा वरचा फायदा. फळझाडे हवीतच. सावली, सुगंध आणि उत्पन्न यांची तिथे फारकत नव्हती. नहर बंद पडली की चारबागेचा नुसता नकाशा उरतो.

फ्रेंच प्रवासी बर्निये याने १६६३ च्या पत्रात ताजमहालाचे आणि त्याच्या बागेचे वर्णन केले. इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जगातील आश्चर्यांत गणले जाण्याचा मान या इमारतीला अधिक आहे, असे त्याचे मत झाले. पण ते उघड बोलायला तो कचरला. हिंदुस्थानात फार दिवस राहून आपली रुची बिघडली तर नाही, अशी त्याला शंका आली. नुकत्याच फ्रान्सहून आलेल्या सोबत्याने तेच म्हटले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या नजरेवर असा संशय घेणारा टीकाकार आम्हाला आवडतो.

लॉर्ड कर्झनला असा संशय कधी आला नाही. १८९९ ते १९०५ या त्याच्या कारकिर्दीत ताजची जी दुरुस्ती झाली तिचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. १९०४ चा प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदाही त्याचाच. पण बागेतली दाट झाडी त्याच्या डोळ्यांना अडथळा वाटली. झाडे कमी झाली, हिरवळ पसरली, दारातून घुमट स्वच्छ दिसू लागला. इंग्रज उमरावाच्या हवेलीपुढे असते तशी ही मोकळी जागा. आज 'मोगल बाग' म्हटली की आमच्या छातीत थोडा अभिमान दाटतो आणि मिटल्या डोळ्यांपुढे कापलेली हिरवळ येते. तो अभिमान आम्ही शाहजहानसाठी बाळगतो, चित्र मात्र कर्झनचे असते.

या हिरवळीवर टीका झाली तीही एका इंग्रज बाईकडून. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात मोगल बागांची बाजू मांडली आणि नव्या दिल्लीत इथल्याच परंपरेची बाग हवी असा आग्रह धरला. लट्यन्सने व्हाइसरॉयच्या वाड्यामागे केलेली मोगल बाग त्या वातावरणात आकाराला आली. २०२३ च्या जानेवारीत तिचे नाव 'अमृत उद्यान' झाले. नावावरून बरीच चर्चा झाली. नहरांवर कुणी फारसे बोलले नाही, आम्हीही नाही.

आता घरचे. औरंगाबादचा, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवला जातो. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरस बानू बेगमची ही कबर. संगमरवर कमी, चुन्याचे काम जास्त, मिनार जवळजवळ, हे आक्षेप पाठ झाले आहेत. पण सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद तटाच्या आतली चारबाग कुणी मोजायला घेते का? हे शहर पाण्यासाठी भूमिगत नहरांवर उभे राहिलेले. मलिक अंबर या हबशी वजिराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती परंपरा इथे घातली. पाणचक्कीवर पडणारे पाणीही कोसांवरून जमिनीखालून आणलेले. दख्खनच्या खडकाळ, अवर्षणाच्या मुलखात मोगलांनी चारबाग मांडली ती पाण्याच्या या जाणकारीच्या शेजारी. मकबऱ्याची तुलना करायचीच तर ताजशी करण्याआधी या नहरांशी करावी.

आम्ही गेलो त्या दुपारी मधल्या हौदात पाणी नव्हते. कारंज्यांच्या तोट्यांवर धूळ होती. दोन्हीकडे पाइपने पाणी मारून राखलेली हिरवळ होती आणि तिच्यावर आमच्यासारखीच कुटुंबे डबे उघडून बसली होती. आमच्या सोबतच्या मुलाने विचारले, "अब्बू, इथे फळांची झाडं का नाहीत?" त्याच्या वडिलांनी सांगितले, "मकबरा नीट दिसावा म्हणून."