बिघाडाची वही : कुलाबा, कारंजा आणि आपला मोबाइल

मोबाइल आपोआप बंद पडायला लागला की आपण दुरुस्तीवाल्याकडे जातो. तो विचारतो, कधीपासून? काय केल्यावर? आपल्याला नेमकं आठवत नाही. यंत्राजवळ मात्र पुष्कळदा त्याची नोंद असते. तिलाच 'लॉग' म्हणतात. आज आपण या नोंदीचा इतिहास पाहू.

लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात सोडत. ठरलेल्या वेळात किती गाठी सुटल्या ते वहीत लिहीत. लाकडाचं नाव पुढे वहीला मिळालं. 1947 साली अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' संगणकात एक पतंग अडकला, तेव्हा चालकांनी तो चक्क नोंदवहीतच चिकटवून ठेवला. 1980 नंतरच्या दशकात एरिक ऑलमन यांनी 'सिसलॉग' तयार केलं आणि अशा नोंदी एका ठरीव रूपात एकत्र ठेवण्याची सोय झाली.

पण आमच्या मते सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक चुंबकीय उपकरणाचे आकडे नेमाने टिपत होते. सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण वहीत उतरली. 2003 साली, म्हणजे 144 वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवरून वादळाची तीव्रता अभ्यासली. टिपणाऱ्याला तिचा पुढचा उपयोग ठाऊक नव्हता. त्याने वेळ आणि आकडा लिहिला, एवढंच.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजणी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं. तरी 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या. का? जागा बदलल्यामुळे आकड्यांत किती फरक पडतो, ते कळावं म्हणून. बिघाड शोधायचा तर आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही लागतं.

आता आपल्या कारंज्याकडे या. इथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांसाठी दूरदूरचे अभ्यासक आले. 1931 साली प. ल. वैद्य यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत निघालं. अशा संपादनात अनेक प्रती समोर ठेवतात आणि कुठल्या प्रतीत चूक शिरली ते ताडून पाहतात. हस्तलिखिताच्या शेवटी प्रत कधी, कुठे, कोणी केली ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. त्याचा इथे मोठा आधार. न पटणारा पाठही संपादक खोडत नाही, तळटीपेत देतो. भांडारं कुलपातच राहिली असती तर हे काम झालंच नसतं.

हेच मोबाइलला लावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' सात वेळा दाबला की 'डेव्हलपर ऑप्शन' उघडतात; तिथे 'बग रिपोर्ट' मिळतो. बिघाड झाल्याबरोबर तो काढावा, कारण जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात. किती वाजता काय झालं ते सोबत लिहावं. मूळ फाइलला हात लावू नये.

एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवा. कुलाब्याच्या वहीत कोणाचं खाजगी काही नव्हतं. आपल्या फाइलमध्ये ईमेल, वायफायचं नाव, कुठली ॲप वापरतो, असं बरंच निघू शकतं. ती व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं म्हणजे घराची किल्ली चौकात टांगणं. ज्याला दुरुस्ती करायची आहे, त्यालाच द्या. आणि काम झालं की पुसून टाकायला सांगा. नोंद जपायला आपल्या गावानं शिकवलंच आहे, ती कोणाच्या हाती द्यायची एवढं आता आपण शिकू.