मंद माहितीवहन, संगणक-जालातील

संगणक-जालात एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती जालाच्या क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी गतीने पोहोचते, या अवस्थेस मंद माहितीवहन म्हणतात. घरातील साठवण-सर्व्हरवर छायाचित्रे, कागदपत्रे किंवा चित्रफिती उतरविताना हा दोष विशेष जाणवतो. माहितीच्या वाटेत मूळ संगणकाची हार्ड डिस्क, त्यातील आज्ञावली, केबल किंवा वायफाय, राउटर आणि शेवटी सर्व्हरची हार्ड डिस्क असे अनेक टप्पे असतात. सबंध वाटेची गती त्यांपैकी सर्वांत मंद टप्प्यापेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणून या दोषाच्या शोधाचा इतिहास हा मुख्यतः हे टप्पे एकमेकांपासून वेगळे करून मोजण्याचा इतिहास होय.

इतिहास : अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट हे स्थानिक जाल उभारण्यास प्रारंभ केला. त्याचा वेग दर सेकंदास सु. ३ मेगाबिट होता. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनिर्देशात तो १० मेगाबिट, १९९५ च्या मानकात १०० मेगाबिट आणि १९९९ मध्ये तांब्याच्या तारांसाठी १,००० मेगाबिट ठरला. तारांची क्षमता अशी वाढत असताना, ती प्रत्यक्षात पदरात का पडत नाही, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

या प्रश्नाचे गांभीर्य १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये ठळकपणे प्रत्ययास आले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यातील अंतर जेमतेम ४०० यार्ड होते. पण त्यांच्यातील वहनवेग दर सेकंदास ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनी याचा छडा लावला. तार तुटलेली नव्हती. जालात गर्दी झाली असता, वाटेत अडकलेल्या माहितीच्या पुडक्या हरवल्या असे समजून प्रत्येक संगणक त्या पुनःपुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे गर्दी आणखीच वाढत होती. जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच या धोक्याची सूचना दिली होती. प्रारंभी हळू पाठवावे, पोच मिळत जाईल तसा वेग वाढवावा आणि पुडकी गहाळ होताच तो आवरावा, अशी रीत जेकबसन व कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये मांडली. आजच्या इंटरनेटचा व्यवहार बव्हंशी याच तत्त्वाच्या आधारे चालतो.

मापनाची साधनेही याच दशकात निर्माण झाली. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. दुसरा संगणक उत्तर देतो की नाही आणि किती वेळात देतो, हे तिच्यामुळे कळू लागले. पुढे ‘टीटीसीपी’ या आज्ञावलीने एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती धाडून केवळ जालाचा वेग मोजण्याची सोय केली. हार्ड डिस्क या मोजणीतून वगळली गेल्याने दोष जालात आहे की साठवणीत, हे स्वतंत्रपणे ठरविता येऊ लागले.

महाराष्ट्रातील प्रारंभ : केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन-जाल हाती घेतले. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांचा त्यात आरंभापासून सहभाग होता. श्रीनिवासन रमाणी हे या कार्यातील एक अग्रणी होत. दर सेकंदास ९,६०० बिट हा त्या काळी परिचित असलेला वेग धरला, तर दहा लक्ष बाइटांची एक फाइल पाठविण्यास सु. १४ मिनिटे लागत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांस खुली केली. तेव्हापासून घरोघरी ‘इंटरनेट मंद आहे’ हे एकच निदान रूढ झाले आणि घरातील जाल व बाहेरील जाल यांतील भेद पुष्कळदा नजरेआड राहिला.

हा भेद डोंगराळ प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील, वरंध घाटाच्या वाटेवरील हिर्डोशीसारख्या गावी बाहेरील जोडणी दुबळी असली, तरी घरातल्या संगणकाकडून घरातल्याच सर्व्हरकडे जाणारी माहिती त्या जोडणीवर अवलंबून नसते. ती मंद असेल, तर कारण घरातच शोधावे लागते.

कारणे व दोषशोध : पुष्कळदा दोष केबलमध्ये आढळतो. १०० मेगाबिट वेगास तारांच्या दोन जोड्या पुरतात; १,००० मेगाबिटास चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाशी सैल झाली, तर उपकरणे आपसांत ठरवून १०० मेगाबिटावर उतरतात आणि काम चालूच राहते. त्यामुळे बिघाड ध्यानात येत नाही. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने अशा वेळी दर सेकंदास सु. ११ मेगाबाइटच वेग मिळतो. हा आकडा दिसताच प्रथम केबल बदलून पाहणे इष्ट असते. एक टोक एकाच वेळी दुतर्फा व दुसरे आळीपाळीने वहन करू लागल्यास जोडणी शाबूत भासते. परंतु वेग कोसळतो. वायफायचे माध्यम सर्व उपकरणांना वाटून घ्यावे लागते आणि जाड दगडी भिंतींतून त्याचे बळ घटते. हजारो लहान फायलींच्या बाबतीत प्रत्येकीसाठी स्वतंत्र विचारणा होत असल्याने वेळ वाढतो. काही हार्ड डिस्कवर नोंदीचे पट्टे कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असतात. त्या आरंभी चपळ असून दीर्घ लेखनात मंदावतात.

शोधाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो : वायफाय सोडून केबल जोडणे; उपकरणांनी ठरविलेला वेग पाहणे; केवळ जालाचा वेग मोजणे; दोन्ही हार्ड डिस्क स्वतंत्रपणे तपासणे; शेवटी एक मोठी फाइल पाठवून पाहणे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा यातील मुख्य नियम होय.

वेगाचा संबंध केवळ सोयीशी नाही. एक लक्ष कोटी बाइटांचा संग्रह उतरविण्यास दर सेकंदास ११० मेगाबाइट वेगाने सु. अडीच तास, तर ११ मेगाबाइट वेगाने २५ तास लागतात. पावसाळ्यात मध्येच वीज खंडित झाली, तर दुसऱ्या प्रकारात प्रत अपुरी राहण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. मूळ हार्ड डिस्क निकामी झाल्यावर अपुरी प्रत उपयोगी पडत नाही. जमिनीचे कागद, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे त्यासह कायमची नष्ट होतात.