खोगीरभरती आणि सायकलस्वार

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण नेहमी नाक मुरडून वापरतो. संग्रहात दहा कविता बऱ्या आणि बाकी खोगीरभरती, व्यासपीठावर दोन माणसे कामाची आणि बाकी खोगीरभरती. आम्हा कवींच्या वाट्याला तर तो वारंवार येतो. पण मूळ शब्दात वाईट काही नाही. घोड्याच्या खोगिरात जो कापूस, लोकर, चिंध्या किंवा गवत भरतात, ती खोगीरभरती. हाताला लागेल ते कोंबले तरी चालते, असा लोकांचा समज झाला आणि शब्दाची किंमत उतरली. ज्याला दिवसभर घोड्यावर बसून घाट चढायचा असे, त्या स्वाराने मात्र या शब्दाला नावे ठेवली नसती. भरती वाईट असेल, तर घोड्याची पाठ सोलून निघते आणि स्वाराला संध्याकाळी उभ्याने जेवावे लागते.

ही भरती काळाच्या ओघात घोड्याच्या पाठीवरून सायकलच्या सीटमध्ये आली आणि तिथून स्वाराच्या कपड्यात कशी शिरली, ते आज सांगायचे आहे. सरळच सांगतो, विषय आहे लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने घालायची गादीची चड्डी. श्रोतेहो, हसू आले असेल तर हसून घ्या. पण या हसण्यामुळेच आमच्या भागातल्या काही मुलांनी सायकल सोडली आहे, म्हणून हा विषय मला गंभीर वाटतो.

आमचे शहापूर आणि मुरबाड हे तालुके घाटाच्या पायथ्याचे. मुरबाडच्या बाजूला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून व्यापाऱ्यांची जनावरे पाठीवर माल घेऊन त्या वाटेने जुन्नरकडे चढत असत. नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण आजही तिथे आहे. त्याच तालुक्यातून माळशेज घाटाचा रस्ता जातो. शहापुरातून जुना मुंबई-आग्रा रस्ता कसाऱ्याचा थळघाट चढून नाशिकला जातो. म्हणजे दूर जाणारी माणसे पाहणे हा आमचा पिढीजात उद्योग. गेल्या काही वर्षांत रविवारी पहाटे या रस्त्यांवर सायकलस्वारांच्या रांगा दिसू लागल्या. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक सदरा आणि खाली मांडीला चिकटलेली काळी चड्डी. आसनगावच्या नाक्यावर चहा पिताना पोरे एकमेकांना कोपर मारून हसतात. ‘काका, एवढे शिकलेले लोक असले कपडे का घालतात?’ असे एकाने मला विचारलेही. या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलच्या सायकली बाहेर पडू लागल्या. चाके लाकडी आणि त्यावर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी. दगडी रस्त्यावर ती अशी आदळे, की इंग्रजांनी तिला हाडे खिळखिळी करणारी असेच नाव ठेवले. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. आजची सायकल तिचीच लेक. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी हा खटाटोप केला होता. सायकलस्वाराच्या बुडाखाली गेलेली पहिली खरी गादी म्हणजे ही हवा.

सीटची गोष्ट याहून गमतीची आहे. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स हे घोड्याच्या खोगिराचे आणि चामड्याचे व्यापारी. १८७८ साली त्यांचा घोडा मेला, दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी उसनी सायकल घेतली. तिच्या सीटने त्यांचे असे हाल केले, की आता आपणच चांगली सीट करायची असे त्यांनी ठरवले, ही कथा त्यांच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. १८८२ साली त्यांनी सीटचे पेटंट घेतले. म्हणजे खोगीरवाल्यानेच सायकलची सीट घडवली. त्या सीटमध्ये कापूस नव्हता. जाड चामडे दोन टोकांना ताणून बसवलेले, बाजेच्या नवारीसारखे. ते हळूहळू स्वाराच्या अंगाप्रमाणे आकार घेई.

पण शर्यतीतल्या स्वाराला एवढे पुरेना. १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ सुरू झाली आणि स्वार एका दमात शेकडो किलोमीटर जाऊ लागले. त्यांच्या चड्ड्या लोकरीच्या असत. घामाने ओली झालेली लोकर आणि तिची शिवण मांडीला कापत जाई. त्यावर उपाय म्हणून चड्डीच्या आत शॅमॉयच्या कातड्याचा तुकडा शिवू लागले. शॅमॉय ही आल्प्सच्या कड्यांवर राहणारी शेळीच्या कुळातली रानटी जात. तिचे तेलात कमावलेले कातडे अतिशय मऊ असते. मुंबईचे टॅक्सीवाले गाडीची काच पुसायला जो पिवळा ‘शॅमी’ वापरतात, त्याचे नाव याच प्राण्यावरून आले. हे कातडे गादी नव्हते; त्याचे काम फक्त घासणे थांबवण्याचे. मात्र धुतले की ते वाळून पापडासारखे कडक होई. मग स्वार त्याला मलम चोळून पुन्हा मऊ करत. आज कातडे गेले, कृत्रिम कापड आणि फोम आला; तरी त्या गादीला जगभर शॅमी आणि मलमाला शॅमी क्रीम म्हणतात.

चड्डीचे कापड बदलले ते रसायनशास्त्राने. १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी रबरासारखा ताणणारा धागा शोधला. त्याचे बाजारातले नाव लायक्रा. १९७० च्या दशकात इटलीच्या कास्तेल्ली कंपनीने लायक्राच्या चड्ड्या सायकलस्वारांसाठी आणल्या आणि लोकर मागे पडली. चिकटून बसणारे कापड सुरकुतत नाही, सुरकुती नाही म्हणून घासत नाही. आमच्या नाक्यावरच्या पोराला उत्तर मिळाले ते इथे. ती घट्ट चड्डी मिरवण्यासाठी नाही, कातडी वाचवण्यासाठी आहे. आणि काळा रंग का? तर चामड्याच्या सीटचा रंग आणि साखळीचे वंगण त्यावर दिसत नाही.

आता आपल्याकडे या. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०-८० च्या दशकांत, मुरबाडला रेल्वे नव्हती आणि एस.टी. मोजकी. दूधवाले, पोस्टमन, शिक्षक, मासळीवाले सारे काळ्या दणकट सायकलवर. त्या सायकलवर माणूस ताठ बसतो, सगळे वजन सीटवर येते. म्हणून तिची सीट रुंद आणि खाली स्प्रिंगा. लेंग्याला किंवा पँटला क्लिप लावायची आणि निघायचे. सीट टोचू लागली, की पिंजाऱ्याला गाठायचे. आमच्या समाजातले पिंजारी तेव्हा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव फिरत. गाद्या-रजया भरून उरलेल्या कापसाची ते सीटसाठी छोटी गादी करून देत. आमच्या नात्यातले एक पिंजारी चाचा सांगायचे, ‘कापूस जास्त कोंबला म्हणजे गादी मऊ होत नाही. सारखा पसरला आणि टाके जागच्या जागी घातले, तर होते.’ हे वाक्य आज लाखमोलाच्या सायकलवाल्यालाही लागू पडते. कारण सीटवर किंवा चड्डीत जाड, भुसभुशीत गादी घेतली, की पहिल्या तासात सुख वाटते. नंतर बैठकीची दोन हाडे तिच्यात रुततात आणि मधला फोम वर उचलला जाऊन नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या दाबतो. मग मुंग्या येतात, भाग बधिर होतो.

लायक्रा जन्मण्याच्या कितीतरी आधी आपल्या माणसांनी लांबचे पल्ले मारले, हेही विसरू नये. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. वाटेत तिघे गळाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर पार करून मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. साडेचार वर्षे, वाळवंटे आणि डोंगर, आणि खाली चामड्याची सीट. त्यानंतर २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली सेनादलातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. चौघेही डॉक्टर. शरीराच्या ज्या भागाबद्दल आपण बोलायला लाजतो, त्याची काळजी त्यांना लाजेची वाटली नसणार.

आमच्याकडे ही लाज फार. किन्हवलीकडच्या एका तरुण शिक्षकाला दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ करायची होती. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, असा तिचा जगभरचा नियम. पाय तयार होते, दम होता. पण सराव जीन्समध्ये. जीन्सच्या जाड शिवणीने त्याला फोड आले, ते चिघळले, घरात सांगायची चोरी. शेवटी सायकल विकली आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितले. दुसरीकडे माझा भाचा म्हणतो, ‘मामू, असल्या चड्डीत मशिदीपुढून जायला नको वाटतं.’ त्याचेही खोटे नाही. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकावे ही आमच्याकडची रीत. पण त्यावर सोपा उपाय आहे. गुडघ्याखाली येणारी गादीची तंग विजार मिळते, किंवा गादीची पातळ चड्डी आत आणि वर सैल विजार. मुलींना सलवारीखालीही ती घालता येते.

मुलींच्या कपड्यांवरून भांडण काही आजचे नाही. १८९८ साली इंग्लंडात लेडी हार्बर्टन या बाई सैल विजार घालून सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीने त्यांना मुख्य खोलीत जेवण नाकारले. पुढच्या वर्षी खटला झाला आणि बाईंची बाजू हरली. पण विजार जिंकली, हे आपण पाहतोच. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. त्यातली एखादी उद्या शाळेपलीकडे, घाटापर्यंत जाईन म्हणाली, तर कपड्यावरून तिला अडवू नये.

तेव्हा निवडायचे कसे, ते जाणत्या स्वारांकडून ऐकलेले थोडक्यात सांगतो. चड्डी उभ्याने घालून पाहू नका; दुकानात सायकलवर बसल्यासारखे वाका, मग पाहा. उभ्याने थोडी आखूड, ओढल्यासारखी वाटते, वाकल्यावर बरोबर बसते. गादी जाडीवर निवडू नका, बोटाने दाबून पाहा. हाडांखाली घट्ट आणि कडेला पातळ होत गेलेली हवी. बाईची बैठकीची हाडे साधारणपणे पुरुषापेक्षा अधिक अंतरावर असतात, म्हणून बायकांची गादी वेगळी असते. भावाची चड्डी बहिणीला देऊन भागत नाही. शिवण मांडीच्या आतल्या बाजूला नको. आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नाही, कारण त्याचीच शिवण कापते. इथेच बहुतेक नवखे चुकतात. प्रत्येक वेळी साध्या साबणाने धुऊन, उलटी करून सावलीत वाळवा. आमच्या पावसात ती एका रात्रीत वाळत नाही, म्हणून एक महाग घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. सीटची उंची चुकलेली असेल, तर कितीही भारी चड्डी उपयोगाची नाही. आधी सीट नीट करा. मधूनमधून पायडलवर उभे राहून रक्त फिरू द्या. आणि फोड आलाच, तर दोन दिवस सायकल भिंतीला टेकवा. पू धरला, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी याहून अवघड जागची दुखणी पाहिलेली असतात.

नवी चड्डी घालून पहिल्याच दिवशी माळशेजला निघू नका. शहापूर ते कसारा जाऊन परत या, अंगाला काय म्हणायचे आहे ते ऐका. नाक्यावर कोणी हसलेच, तर थांबा, त्याच्याबरोबर एक चहा घ्या आणि आत गादी का असते ते त्याला सांगा. त्यालाही कधीतरी घाट चढावासा वाटेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)