वंध्य नरांची पैदास : डास-नियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

कीटकाचे नर वंध्य करून ते मोठ्या संख्येने निसर्गात सोडावयाचे, म्हणजे त्यांच्याशी समागम झालेल्या माद्यांची अंडी फुकट जातील व कीटकाची संख्या पिढीगणिक घटत जाईल, ही कल्पना एडवर्ड निप्लिंग ह्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाला १९३०च्या दशकात सुचली. जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा कुरासाव बेटावरून १९५४ साली ह्या उपायाने उच्छेद झाला, तेव्हा हाच उपाय डासांवर योजावा असे वाटणे स्वाभाविक होते. ह्या तंत्राचा इतिहास सामान्यतः किरणांचा व रसायनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. डासांपुरता तरी तो मुख्यतः पैदासीचा इतिहास आहे, आणि दिल्लीत त्याला जे वळण लागले ते पैदासीच्याही बाहेरच्या कारणाने लागले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. मराठी वृत्तपत्रांत अशा नराला कधी 'नपुंसक', तर कधी 'निर्बीज' म्हटलेले आढळते. दोन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. हा नर नपुंसक असून मुळीच चालत नाही; रानातल्या नरांशी स्पर्धा करून त्याने मादी मिळविली पाहिजे. तो निर्बीजही नसतो. किरणोत्सर्गाने वा रसायनाने त्याच्या शुक्रबीजातील गुणसूत्रे मोडलेली असतात, पण ते बीज अंड्यापर्यंत पोहोचते. गर्भ मरतो तो त्यानंतर. 'वंध्या' हे विशेषण परंपरेने स्त्रीच्याच माथी मारलेले असले, तरी येथे त्याचे पुल्लिंगी रूप अधिक अर्थवाही ठरते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. ह्या तंत्राचे पहिले अपयश नेमके ह्याच भेदात दडलेले होते.

फ्लॉरिडात १९५९ नंतर अनॉफिलीस जातीच्या डासांचे किरणोत्सर्गित नर सोडण्यात आले. ते वंध्य होते, जिवंतही होते. परंतु रानातील माद्यांचा माग काढून त्यांच्याशी समागम करणे त्यांना साधले नाही. भारतातही क्युलेक्स डासांवर असाच प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९६२ साली प्रसिद्ध झाला व निष्कर्ष निराशाजनकच होता. पिंजऱ्यात पिढ्यानुपिढ्या वाढलेला डास पिंजऱ्याला योग्य होतो. अरुंद जागेत, कृत्रिम उजेडात जे समागम करतात त्यांचीच संतती पुढे राहते, आणि अशा रीतीने उत्तम पैदास देणारे कूळ हे बाहेरच्या जगासाठी निकामी कूळ ठरू शकते.

दुसरी अडचण अधिक कष्टाची. माशांच्या बाबतीत नर-माद्या एकत्र सोडल्या तरी निभावते. डासांची मादी मात्र चावते, रोग पसरविते, म्हणून ती वेगळी काढावीच लागते. क्युलेक्स व एडिस डासांत मादीचा कोष नराच्या कोषापेक्षा मोठा असतो. ह्या फरकाचा उपयोग करून फे व मॉर्लन ह्यांनी १९५९ साली कोष वेगळे करण्याचे एक साधन वर्णिले. पण हा फरक टिकावा म्हणून सर्व अळ्या सारख्याच पोसल्या गेल्या पाहिजेत. तबकात गर्दी झाली, अन्न कमी-अधिक पडले, पाणी एका बाजूला गार राहिले, की उपाशी मादीचा कोष भरल्या पोटीच्या नराएवढाच होतो आणि चाळणी फसते. लाखो डासांच्या पैदासीतले यश अखेर तबकात किती अळ्या घालाव्या व चिमूटभर यीस्ट केव्हा टाकावे ह्यावर अवलंबून असते. ही कामे करणाऱ्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात. अनॉफिलीस डासांत तर हा आकारभेदही पुरेसा नसतो. म्हणून एल साल्वादोरमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुण केवळ नरांकडेच जाईल असे कूळ सिद्ध करण्यात आले. औषध घातले की माद्या मरत व नर उरत. त्यामुळे रोजची नरांची पैदास दहा लाखांच्या घरात गेली. चीनमध्ये ग्वांगझूजवळच्या नदीबेटांवर २०१६ व २०१७ साली निराळी युक्ती योजिली गेली. वोल्बाकिया ह्या जीवाणूमुळे नर परकीय माद्यांना निष्फळ करतात. जोडीला सौम्य किरणोत्सर्ग दिल्याने चुकून राहिलेल्या माद्याही वंध्य होतात, आणि निवडीचा ताण हलका होतो. जीवाणूचा हा परिणाम हान्स लाव्हेन ह्यांनी रंगूनजवळच्या ओक्पो येथे १९६७ सालीच वापरून दाखविला होता, पण त्याचे कारण जीवाणू आहे हे १९७१पर्यंत उमगले नव्हते.

दिल्लीचे प्रकरण ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ह्यांच्या सहकार्याने, अमेरिकेच्या पी.एल. ४८० खालील रुपयांतून, डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे केंद्र तेथे सुरू झाले. थायोटेपा ह्या रसायनाने वंध्य केलेले क्युलेक्सचे नर दिल्लीनजीकच्या खेड्यांत सोडले गेले. पैदास व निवड ह्यांत तेथील मंडळींनी मोठी मजल मारली. अडले ते दुसरीकडे : शेजारच्या शिवारांतून आधीच फळलेल्या माद्या उडत येत व खेड्यात अंडी घालीत. ही अडचणही शास्त्रीयच होती आणि तिच्यावर विचार चालू होता. तोच १९७४ साली वृत्तसंस्थेच्या बातमीने प्रकल्पावर प्रकाशझोत पडला. एडिस डास पीतज्वराचा वाहक. पीतज्वर भारतात नाही. मग परकीय पैशाने ह्याच डासाचा अभ्यास कशासाठी? आणि हिवताप पुन्हा डोके वर काढत असताना अनॉफिलीसला मागची जागा का? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ साली आपल्या १६७व्या अहवालात प्रकल्पावर कठोर टीका केली. हरियाणातील सोनीपत येथे ठरलेला एडिसचा प्रयोग थांबला व त्याच वर्षी केंद्र बंद झाले.

जैविक युद्धाचा संशय प्रस्तुत लेखकास पटत नाही. एडिस डेंग्यूचाही वाहक आहे, व पुढील दशकांत भारताने त्याची किंमत मोजली. परंतु अनॉफिलीसविषयीचा प्रश्न रास्त होता. देशातील हिवतापाचे रुग्ण १९६५ साली सुमारे एक लाख होते. १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. प्रश्न विचारणारे अडाणी होते असे मानणाऱ्या काही परदेशी लेखकांनी ह्या आकड्यांकडे पाहावयास हवे होते. त्या प्रश्नाला लोकांना कळेल अशा भाषेत वेळीच उत्तर मिळाले नाही, आणि नरडास चावत नाहीत हे साधे सत्यही त्या गदारोळात हरवले.

महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे २०१७ साली जनुकीय बदल केलेल्या एडिस नरांची चाचणी सुरू झाली. ह्या नरांची संतती पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मरते. ही चाचणी उघड्यावर नव्हे, तर जाळीच्या पिंजऱ्यांत घेण्यात आली.