जुन्या डिस्क घेताय? भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही!

जुन्या अलॉय डिस्क नव्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात. पण दुसऱ्या गाडीच्या डिस्क घेताना अनेक जण फक्त भोकं मोजतात. डिस्क नीट बसली नाही, तर नट ढिले होऊन धावत्या गाडीचं चाक निखळू शकतं. पैसे देण्याआधी हे तपासा.

१) पीसीडी : नटांची भोकं ज्या गोलावर असतात, त्याचा व्यास. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा. पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. मारुती ८०० आणि स्विफ्ट, दोन्हींना चारच नट. पण ८०० चा पीसीडी ११४.३ मिमी, स्विफ्टचा १००. म्हणून एकीची डिस्क दुसरीला चालत नाही.

२) मधलं भोक : होंडा सिटीच्या जुन्या मॉडेलचा पीसीडीही १०० आहे. पण तिच्या डिस्कचं मधलं भोक ५६.१ मिमी, तर स्विफ्टचं ५४.१. सिटीची डिस्क स्विफ्टवर सैल बसते आणि गाडी थरथरते. त्यासाठी मापाची हब रिंग लागते. उलट, स्विफ्टची डिस्क सिटीच्या हबवर पूर्ण बसतच नाही.

३) नट : होंडाच्या कंपनी डिस्कमध्ये नटाची बैठक गोलसर असते, स्विफ्टच्या नटाचं तोंड निमुळतं. दोन्हींचे आटेही वेगळे. जबरदस्तीने आवळू नका, स्टड खराब होतो. गाडीच्या आट्यांचे आणि डिस्कच्या बैठकीचे नट घ्या.

४) ऑफसेट : डिस्कवर 'ईटी' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. तो मूळ डिस्कच्या आकड्याच्या जवळपास हवा. फार कमी असेल तर चाक बाहेर येतं, जास्त असेल तर आत सरकून शॉकअपला घासू शकतं.

५) तडे आणि टायर : आतल्या बाजूने तडा, वेल्डिंग, वाकलेली कड पाहा. टायरवरचे चार आकडे तारीख सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा.

शक्यतो आधी एक डिस्क गाडीला लावून पाहा. जॅकवर चाक हाताने फिरवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. कुठेही घासलं तर सौदा सोडा. बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. स्टेपनी जुनीच राहणार असेल, तर तिचे मूळ नट गाडीत ठेवा.