ह्युस्टनमध्ये 'फॉल' येतो का? येतो, पण उशिरा. आणि त्यातलं सगळ्यात देखणं झाड विकायला बंदी आहे!

ऑक्टोबर लागला की फोनवर दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. एक दिवाळीच्या खरेदीचे आणि दुसरे अमेरिकेतल्या नातेवाइकांचे. मागे लाल-केशरी झाडी, अंगात नवीन स्वेटर आणि खाली 'फॉल कलर्स' असं लिहिलेलं. पण नीट बघा, हे फोटो टाकणारी मावशी बहुतेक वेळा बोस्टन किंवा न्यू जर्सीकडची असते. ह्युस्टनचा मामेभाऊ त्याच आठवड्यात हाफ पँट घालून एसीत बसलेला असतो आणि त्याच्या दारातलं ओक हिरवंगार असतं.

मग टेक्सासच्या दक्षिणेत फॉल येतच नाही का? येतो. पण नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आसपास येतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत आटोपतो. तोही सगळीकडे सारखा नसतो. एका गल्लीत लालभडक झाड असतं आणि पुढच्या तीन गल्ल्या हिरव्याच असतात.

असं का होतं, हे समजायला आधी पानाच्या आत काय चालतं ते बघू.

पानातलं हरितद्रव्य सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्याने बनवत असतं. दिवस लहान होऊ लागले, गारवा आला की झाड हे काम थांबवतं. पानातलं नत्रासारखं कामाचं द्रव्य फांद्यांत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करतं. पुढे पान तिथूनच सुटतं.

हिरवा रंग गेला की पिवळा दिसायला लागतो. तो नवीन आलेला नसतो, उन्हाळाभर पानात लपलेला असतो. ही कॅरोटिनॉइड द्रव्यं. गाजराला आणि झेंडूला रंग देणारी द्रव्यं याच कुटुंबातली. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो अँथोसायनिनमुळे येतो, म्हणजे जांभळात आणि कोकमात असतो त्याच गटातल्या द्रव्यामुळे. अनेक झाडं तो पान टाकायच्या आधी मुद्दाम बनवतात. टाकायच्याच पानावर एवढा खर्च कशाला, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. एक वजनदार उत्तर असं की पानातला माल काढून घेईपर्यंत कडक उन्हापासून त्याचं रक्षण करायला हा लाल पडदा लागतो.

तर हा लाल रंग बनायला साखर लागते. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर पान भरपूर साखर बनवतं, आणि रात्र गार असेल (पण गोठवणारी नको) तर ती साखर पानातच राहते. रात्र उबदार असली की पान ती श्वसनात संपवून टाकतं आणि रंगासाठी फारसं काही उरत नाही.

ह्युस्टनचं घोडं इथेच अडतं. हे शहर साधारण आपल्या हरिद्वारच्या अक्षांशावर आहे. वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा सुमारे सव्वादहा तासांचा असतो. बोस्टनला तो नऊ तासांवर येतो. शेजारी मेक्सिकोचं आखात असल्याने हवा दमट आणि रात्री कोमट. उत्तरेकडून कोरड्या थंड हवेची लाट येते (टेक्सासमध्ये तिला 'नॉर्दर' म्हणतात), तेव्हा दोन-चार रात्री खऱ्या गार मिळतात. कुठल्या वर्षी रंग चांगला येणार, हे बरंचसं या लाटा कधी येतात यावर ठरतं.

त्यात शहरभर दिसणारं झाड म्हणजे लाइव्ह ओक. ते हिवाळाभर हिरवं असतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येता येता जुनी पानं टाकतं. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. 'ऑटम'चं भाषांतर आपण बिनधास्त 'शरद' करतो, पण महाराष्ट्रात शरदात डोंगर हिरवे असतात. पानगळ येते शिशिरात, आणि तीही मुख्यतः पाणी कमी पडतं म्हणून.

पाण्यावरून आठवलं, दुष्काळात करपून तपकिरी झालेलं पान म्हणजे फॉल नव्हे. 2011 मध्ये टेक्सासला भयंकर दुष्काळ पडला. राज्याच्या वनखात्याच्या अंदाजानुसार त्यात ग्रामीण भागातली सुमारे 30 कोटी झाडं मेली.

मेपल बघायचेच असतील तर

सॅन अँटोनियोच्या वायव्येला दीड-दोन तासांवर व्हँडरपूल गावाजवळ 'लॉस्ट मेपल्स' नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. नावच 'हरवलेले मेपल'. हवामान आजच्यापेक्षा थंड आणि ओलं होतं, त्या काळापासून हे बिगटूथ मेपल सॅबिनाल नदीच्या चुनखडीच्या घळींमध्ये तग धरून आहेत. रंग साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतो. शनिवार-रविवारी तुफान गर्दी होते, त्यामुळे आधी बुकिंग करावं. आणि पायवाट सोडून फोटोसाठी झाडाखाली जाऊ नये. या मेपलची मुळं उथळ असतात, माती तुडवून घट्ट झाली की झाडाला त्रास होतो.

लुइझियानाच्या सीमेवरच्या कॅडो लेकमध्ये बाल्ड सायप्रस पाण्यात उभे असतात. ही सूचिपर्णी झाडं, तरी पानं गाळतात, आणि त्याआधी गंजल्या लोखंडासारखी होतात. होडीतून बघायला मिळाले तर जरूर बघा.

आणि ते बंदी असलेलं झाड

ह्युस्टनमध्ये हायवेच्या कडेला, कालव्याच्या काठाला डिसेंबरमध्ये जे झाड पेटल्यासारखं दिसतं, ते बऱ्याचदा 'चायनीज टॅलो' असतं. छोट्या पिंपळासारखं टोकदार पान आणि एकाच झाडावर पिवळा, केशरी, लाल, जांभळा. थंडी जेमतेम पडलेल्या वर्षीही ते रंग दाखवतं. फळं उकलली की पांढऱ्या मेणाच्या आवरणातल्या बिया दिसतात, म्हणून याला 'पॉपकॉर्न ट्री' असंही म्हणतात.

चीनमध्ये या मेणापासून पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्त्या आणि साबण बनवले गेले. अमेरिकेत हे झाड कुणी आणलं, तर नाव घेतलं जातं बेंजामिन फ्रँकलिनचं. त्याने 1772 मध्ये जॉर्जियाला बिया पाठवल्या होत्या, हे खरं. पण अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की टेक्सासच्या किनाऱ्यावरची झाडं त्या बियांची वंशज नाहीत. ती 1905 च्या सुमारास अमेरिकेच्याच कृषी खात्याने मागवलेल्या बियांमधून आली. म्हणजे फ्रँकलिनवर निदान टेक्सासपुरता उगाच आळ आला.

मोठं झाड वर्षाला लाखभर बिया टाकू शकतं. पक्षी आणि पुराचं पाणी त्या पसरवतात. पडीक राहिलेली भाताची शेतं आणि गवताळ माळ काही वर्षांत टॅलोच्या रानात बदलतात. या किनारी गवताळ प्रदेशाचा मूळ स्वरूपात एक टक्कासुद्धा भाग उरलेला नाही. शेती आणि शहरांनी बहुतेक आधीच खाल्ला होता, उरलेल्यात टॅलो घुसलं. त्याच गवतावर जगणारा ॲटवॉटर्स प्रेअरी चिकन हा पक्षी आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. आपल्याकडच्या माळढोकाची आठवण व्हावी अशी त्याची अवस्था.

म्हणून टेक्सासमध्ये टॅलो विकायला, वाटायला आणि बाहेरून आणायला कायद्याने मनाई आहे. याला विरोध करणारेही आहेत. मधमाश्यांना टॅलोची फुलं फार आवडतात आणि आखाताकाठच्या बऱ्याच मधपाळांचा धंदा त्यावर चालतो, त्यामुळे झाडाचा शत्रू किडा आणून सोडायची भाषा निघाली की ते अस्वस्थ होतात. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं नाही. तरीही आपल्या अंगणात हे झाड ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

अंगणात आधीच असेल तर नुसतं तोडून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. तोडल्यावर लगेच बुंध्याला तणनाशक लावावं लागतं. त्याचा चीक विषारी आहे, त्यामुळे हातमोजे हवेत.

त्याच्या जागी शुमार्ड ओक, स्वीटगम किंवा तिथल्या दलदलीत वाढणारा रेड मेपल लावता येतो. जागा लहान असेल तर क्रेप मर्टल. हे मूळचं आशियातलं असलं तरी टॅलोसारखं रान माजवत नाही, आणि महाराष्ट्राचं राज्यफूल असलेल्या तामणाचं ते सख्खं भावंड आहे. उन्हाळ्यात फुलं, डिसेंबरमध्ये केशरी पानं.

खरेदीला मात्र मे-जूनमध्ये जाऊ नका. बियांपासून वाढवलेल्या ओकमध्ये आणि मेपलमध्ये प्रत्येक झाडाचा रंग वेगळा निघतो, काही नुसतेच तपकिरी होतात. नोव्हेंबरच्या शेवटी नर्सरीत जायचं आणि जे रोप तिथेच लाल झालेलं दिसेल ते उचलायचं.